युद्ध आणि राष्ट्राचे वचन



‘सशस्त्र संघर्षाच्या काळात आंतरराष्ट्रीय कायद्याने राष्ट्रावर येणाऱ्या जबाबदाऱ्या’ असा आजचा विषय फलकावर लिहिलेला आहे. एवढे लांबलचक नाव वाचून कोणी वाटेतूनच घरी परतले असतील, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. जे आलात त्यांच्याही मनात एक शंका असेलच. हेग कोठे, जिनिव्हा कोठे आणि गोदाकाठचे आपले पैठण कोठे? सरहद्द येथून शेकडो कोस दूर. मग हा विषय वकिलांनी आणि सेनापतींनी पाहावा, नाथांच्या गावात नाथांचे बोलावे, हे बरे नव्हे काय?

आम्हांला मात्र वाटते की हा विषय पैठणला परका नाही. त्यावरचे सगळे ग्रंथ बाजूला ठेवले, तर तो एका साध्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. दिलेला शब्द कोठवर पाळायचा? समोरचा पाळतो तोवर, की समोरच्याने मोडला तरीही? घरात आणि बाजारात हा प्रश्न आपल्याला रोज पडतो. युद्धात तो पडतो तेव्हा त्यावर माणसांचे प्राण टांगलेले असतात, एवढाच फरक.

जवळून सुरुवात करू. मुंगी हे गाव येथून फार दूर नाही. गोदेच्याच काठी, शेवगाव तालुक्यात आहे. आपल्याकडे मुंगी-पैठण असे जोडनावच घेतात. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरकडच्या पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने निजाम-उल-मुल्काला कोंडीत धरले. मोठी लढाई अशी झालीच नाही. निजामाचा अवजड तोफखाना मागे राहिला, रसद तुटली, पाण्यावाचून फौज हैराण झाली, आणि निजाम तहाला आला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. छत्रपती शाहू महाराजांचा दख्खनच्या चौथाईचा आणि सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला. कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष सोडण्याचेही त्याने कबूल केले.

मराठ्यांच्या इतिहासातले हे एक सोनेरी पान. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. दहा वर्षेही पुरती गेली नाहीत, तोच १७३७ च्या अखेरीस भोपाळला हेच दोघे पुन्हा समोरासमोर उभे होते. त्या काळचे तह असेच असत. बेलभंडार उचलून शपथ होई, कुराणावर हात ठेवून शपथ होई, आणि ज्याची तलवार जड तो ती शपथ सोयीप्रमाणे वागवी. शिवाय अशा तहात मुलूख असे, महसूल असे, सरदारांची नावे असत. रणात जखमी होऊन पडलेल्या शिपायाचे काय करायचे, कैद झालेल्याला अन्न कोणी द्यायचे, वाटेवरच्या गावांनी काय खायचे, यांचे कलम त्यात नसे.

याचा अर्थ ते प्रश्न आपल्या लोकांना सुचलेच नव्हते, असा मात्र नाही. कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की भारतीय युद्ध सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी बसून नियम ठरवले. बरोबरीच्याने बरोबरीच्याशी लढावे, शस्त्र गळालेल्यावर किंवा पाठ फिरवलेल्यावर वार करू नये, सारथ्याला आणि शंख-भेरी वाजवणाऱ्याला मारू नये. नियम चांगलेच होते. पुढे त्यांचे काय झाले तेही आपण जाणतो. अभिमन्यूला अनेकांनी मिळून मारले, द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले असता त्यांचे मस्तक उडाले, कर्णाचे चाक रुतलेले असताना बाण सुटला, दुर्योधनाच्या मांडीवर गदा पडली. एकाने मोडले म्हणून दुसऱ्याने मोडले, आणि दुसऱ्याने मोडले म्हणून पहिल्याने आणखी मोडले.

या साखळीची शेवटची कडी सौप्तिकपर्वात आहे. अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरून झोपलेल्यांना मारायला निघतो, तेव्हा कृपाचार्य त्याला आवरू पाहतात. अश्वत्थाम्याचे उत्तर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. धर्माचा बांध पांडवांनी आधीच शंभर ठिकाणी फोडला, आता मलाच तो का सांगता, असा त्याचा आशय. आणि तो जाऊन द्रौपदीच्या पाचही निजलेल्या मुलांना मारतो. अश्वत्थाम्याची तक्रार खोटी नव्हती, हे आपण मान्य केले पाहिजे. पांडवांनी नियम मोडलेच होते. तरीही व्यासांनी त्याला क्षमा केलेली नाही. कपाळावरचा मणी गमावून तो वणवण फिरतो. निजलेल्या मुलांनी कोणता नियम मोडला होता, हा प्रश्न त्याच्या तक्रारीने सुटत नाही. युद्धाच्या कायद्याचे सारे मर्म आम्हांला या एका जागी दिसते.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आणि अगदी व्यवहारातले आहे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे लष्कर चिपळूणकडे छावणीस होते. त्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याची बेगमी एकदम उधळू नका, कोठीतून मिळते ते मोजून वापरा, दाणा-वैरण हवी तर बाजारात पैसे देऊन घ्या, रयतेच्या भाजीला हात लावू नका. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतके बारीक त्यात आहे. रयतेला त्रास झाला तर तिला आपल्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा इशाराही आहे. हा हुकूम शत्रूशी केलेल्या करारातला नाही. कोणी सक्ती केली नव्हती. एका राजाने आपल्याच तलवारीला घातलेले हे बंधन आहे.

तेव्हा विचार जुना आहे. नवे आहे ते असे, की तो साऱ्या राष्ट्रांनी मिळून लिहून काढला आणि त्याखाली सह्या केल्या. १८५९ साली उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. आँरी द्युनां नावाचा एक स्विस गृहस्थ आपल्या व्यवसायाच्या कामाने त्या बाजूला आला होता. हजारो जखमी पाण्यावाचून, मलमपट्टीवाचून पडलेले त्याने पाहिले आणि जवळच्या गावातल्या बायकांना बरोबर घेऊन, हा कोणत्या पक्षाचा असे न विचारता, त्यांची शुश्रूषा केली. त्यातून रेडक्रॉस निघाली आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. १८९९ आणि १९०७ मध्ये हेगच्या परिषदांनी युद्धाचे नियम लिहिले. अंगात शिरल्यावर फुटणारी जी गोळी १८९९ मध्ये निषिद्ध ठरली, तिला कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्याचेच नाव पडलेले होते.

लिहून ठेवले म्हणजे पाळले गेले, असे नव्हे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. आपल्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची पोरे होती. सुमारे पाच महिने वेढा चालला. घोडे-खेचरे मारून खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांना वाळवंटातून पायी चालवले गेले. पुढच्या काळात वाटेवर आणि छावण्यांत हजारो मेले. कैद्याला अन्न, वस्त्र आणि निवारा द्यावा असे हेगच्या नियमांत लिहिलेले होते. कागद होता, पण त्याच्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते. युद्धकैदी म्हटले की आपल्याला शत्रूचा शिपाई दिसतो. तो आपल्या घरचाही असतो, हे कुतने दाखवले.

दुसऱ्या महायुद्धाच्या संहारानंतर १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हा येथे चार करार झाले. पहिला रणभूमीवरच्या जखमी आणि आजारी सैनिकांसाठी, दुसरा समुद्रावरच्या जखमींसाठी, तिसरा युद्धकैद्यांसाठी आणि चौथा नागरिकांसाठी. भारताने ते ९ नोव्हेंबर १९५० रोजी मान्य केले. १९६० मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. राज्यघटनेच्या ५१ व्या कलमातही आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आणि तहांतील बंधनांविषयी आदर वाढवावा, असे राज्याला सांगितलेले आहे.

या करारांत आहे तरी काय? थोडक्यात सांगतो. ज्याने शस्त्र टाकले, जो जखमी झाला, जो हाती आला, त्याच्यापुरते युद्ध संपले. त्याला मारायचे नाही, छळायचे नाही, गर्दीपुढे उभे करून त्याची विटंबना करायची नाही. त्याने आपले नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख सांगितली म्हणजे पुरे, बाकीचे जबरदस्तीने काढायचे नाही. पकडल्याची खबर त्याच्या घरी जाईल अशी व्यवस्था करायची. मेलेल्याला त्याच्या धर्माप्रमाणे मूठमाती द्यायची आणि ती जागा नोंदून ठेवायची. नागरिकांना ओलीस धरायचे नाही. एकाच्या गुन्ह्याबद्दल साऱ्या गावाला शिक्षा करायची नाही. आणि चारही करारांच्या आरंभीच एक वाक्य आहे, की हे आम्ही कोणत्याही परिस्थितीत पाळू. शत्रू पाळील तर पाळू, असे तेथे लिहिलेले नाही.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. युद्ध करणे न्याय्य होते की नाही, हा एक प्रश्न. युद्धात वागणूक कशी होती, हा दुसरा. आमची बाजू न्यायाची आहे, तेव्हा आम्हांला सारे माफ आहे, असे प्रत्येक राष्ट्राला वाटते. कायदा ते ऐकत नाही. बाजू न्यायाची असो वा अन्यायाची, कैद्याचे ताट सारखेच.

हा भेद गोव्यात स्वच्छ दिसतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. सुरक्षा समितीत कडाक्याचा वाद झाला. पाश्चात्त्य राष्ट्रांनी भारताविरुद्ध ठराव आणला आणि रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता हटवणे हे आक्रमण नव्हे, ही भारताची भूमिका होती, आणि आपल्यापैकी बहुतेकांची आजही तीच असेल. पण १९ डिसेंबरला गव्हर्नर-जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली त्या क्षणी दुसराच प्रश्न सुरू झाला. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताच्या हाती होते. त्यांचा हुकूमशहा सालाझार याने शेवटच्या माणसापर्यंत लढावे, शरण जाऊ नये, असा संदेश पाठवला होता. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सरकारला हे कैदी असायलाच नको होते. त्यांना छावण्यांत ठेवून मे १९६२ मध्ये भारताने परत पाठवले. मायदेशी मात्र त्यांच्या सेनापतीला सैन्यातून काढून टाकण्यात आले. शरण आलेल्या माणसाला त्याच्या मायदेशापेक्षा शत्रूच्या कायद्याने अधिक मान दिला, असे हे विलक्षण चित्र आहे.

गोव्यातूनच निघालेला एक खटला मात्र आपल्याला विचारात पाडतो. गोवा भारतात सामील झाल्यावर मार्च १९६२ मध्ये नागरिकत्वाचा हुकूम निघाला. तेथील रहिवासी भारतीय नागरिक समजले जातील, ज्याला पोर्तुगीज राहायचे असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावे. फादर मोंतेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी तसे लिहून दिले. काही काळ त्यांना राहू दिले गेले, नंतर देश सोडण्याचा हुकूम झाला. ते गेले नाहीत. परकीय नागरिकांच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला होऊन तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गोवा हा लष्करी ताब्यातील प्रदेश आहे, आणि चौथ्या जिनिव्हा कराराप्रमाणे अशा प्रदेशातून तेथील माणसाला हाकलता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

२६ मार्च १९६९ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी तो लिहिला. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद त्यांनी पूर्वी भूषवलेले होते. लष्करी ताबा केव्हाच संपला, गोवा आता भारताचाच भाग आहे, म्हणून तो करार येथे लागू नाही, असा त्यांनी निर्णय दिला. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली, ती आज आपल्या कामाची आहे. १९६० च्या कायद्याने करार मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे, परंतु करार पाळावा म्हणून सरकारवर दावा लावण्याचा हक्क त्या कायद्याने कोणाला दिलेला नाही. सरकारने जबाबदारी पत्करली आहे. न्यायालयात जाऊन ती वसूल करण्याचा अधिकार मात्र त्या माणसाच्या हाती नाही. त्याच कायद्यात असेही कलम आहे, की सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेऊ नये.

याचा सरळ अर्थ काय? सावकाराच्या कागदावर सही केली तर सावकार कोर्टात जातो. येथे ऋणको राष्ट्र आहे, आणि धनको आहे एक निःशस्त्र, पकडलेला, परका माणूस. त्याला कोर्ट नाही, मत नाही, सभेत बोलायला त्याचा कोणी प्रतिनिधी नाही. ज्या ऋणाची वसुली कोणी करू शकत नाही ते फेडायचे की नाही, हे सर्वस्वी ऋणकोच्या मनावर राहते. म्हणूनच त्याच्या मनाची परीक्षा तेथे होते.

आपली अशी सर्वांत मोठी परीक्षा १९७१ नंतर झाली. १६ डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार माणसे भारताच्या ताब्यात आली. त्यांत सैनिकांबरोबर नागरी लोकही होते. इतक्या माणसांना जेवूखाऊ घालणे, औषधपाणी करणे, त्यांची पत्रे पोचवणे हे एका गरीब देशाने अंगावर घेतले, याचा अभिमान धरायला हरकत नाही. पण सगळे सांगायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावे, असे तिसऱ्या कराराचे कलम आहे. हे कैदी मात्र सुटले १९७३-७४ मध्ये. शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली, तेव्हा बांगलादेशाच्या संमतीशिवाय सोडता येत नाही, असे भारताने सांगितले. अनेक कायदेपंडितांना ते पटले नाही. नरसंहाराच्या आरोपावरून १९५ कैद्यांवर खटले चालवण्याचा बांगलादेशाचा विचार होता, म्हणून मे १९७३ मध्ये पाकिस्तान हेगच्या न्यायालयात गेले. पुढे ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार झाला, पाकिस्तानने दावा मागे घेतला, आणि एप्रिल १९७४ मध्ये उरलेले कैदीही परत गेले.

त्या १९५ जणांवर खटला चाललाच नाही. बांगलादेशात ज्यांची घरे उजाड झाली त्यांना न्याय मिळाला नाही, हेही खरे. आणि आपल्याकडे बेपत्ता झालेल्या भारतीय जवानांची नावे संसदेत वर्षानुवर्षे निघत राहिली. ते पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत असे आपण म्हणत आलो आणि पाकिस्तान नाही म्हणत आले. कैद्याच्या नोंदी ठेवाव्यात, घरी खबर द्यावी, हे कलम कोरडे वाटते. ज्या घरात अशी खबर कधीच आली नाही त्या घराला त्याचे मोल विचारावे.

आता तो प्रश्न, जो तुमच्यापैकी कित्येकांच्या ओठांवर असेल. शत्रू पाळत नसेल तर आपणच का पाळावे? १९९९ च्या कारगिल युद्धात कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचे देह परत आले, तेव्हा त्यांवर छळाच्या खुणा असल्याचे भारताने जाहीर केले. पाकिस्तानने ते नाकारले. साऱ्या देशाचे रक्त उसळले, आणि उसळणे साहजिक होते. त्याच युद्धात त्याच डोंगरांवर काय घडले तेही लक्षात ठेवा. आपले म्हणून ओळख द्यायला ज्यांचे सरकार तयार नव्हते, अशा पाकिस्तानी सैनिकांना भारतीय जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केले. टायगर हिलवर पडलेल्या कॅप्टन कर्नल शेर खान याच्या शौर्याची साक्ष एका भारतीय ब्रिगेडियरने लिहून पाठवली, आणि पाकिस्तानने त्याला आपले सर्वोच्च शौर्यपदक दिले. त्या जवानांचा संताप कोणाहून कमी नव्हता. तरी त्यांनी प्रेताशी वैर धरले नाही.

आपण चांगले वागलो म्हणजे आपली माणसे सुखरूप परततील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत १९९९ मध्ये आठवड्याभरात परतले, विंग कमांडर अभिनंदन २०१९ मध्ये दोन-तीन दिवसांत परतले. काही कधीच परतले नाहीत. तेव्हा केवळ देवघेव म्हणून हा हिशोब जुळत नाही. तो जुळवायला बसलो तर आपण अश्वत्थाम्याच्या वाटेला लागतो. शत्रूने कोठवर घसरावे यावर आपण कोठवर घसरायचे हे ठरू लागते, आणि मग आपल्या वागण्याच्या किल्ल्या शत्रूच्या हाती जातात.

पैठणला ही गोष्ट नव्याने सांगायची गरज नाही. नाथ गोदेवर स्नान करून येत आणि वाटेत एक माणूस त्यांच्यावर थुंके. नाथ पुन्हा स्नानाला जात. असे एकशे आठ वेळा झाले, अशी कथा आहे. पण या कथेवरून घाईने निष्कर्ष काढू नये. राष्ट्र म्हणजे नाथ नव्हे. सरहद्दीवर शत्रू आला तर राष्ट्राने लढले पाहिजे, आणि लढणे म्हणजे मारणेही आले. कायदा राष्ट्राकडून संतपण मागत नाही. तो फार थोडे मागतो. शत्रू लढतो आहे तोवर लढा, शस्त्र टाकल्यावर थांबा. ज्याने शस्त्र कधी घेतलेच नाही त्याला लक्ष्य करू नका. संतांनी दाखवलेल्या उंचीपुढे ही केवळ पहिली पायरी आहे. एवढीही पायरी चढणे जड जात असेल, तर आपल्याला आपला विचार करावा लागेल.

या इमारतीचे काही बांधकाम अपुरे आहे, तेही सांगितले पाहिजे. गावाच्या उशाशी नाथसागर आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेले आणि १९७६ मध्ये पुरे झालेले जायकवाडीचे धरण सुमारे १०२ टी.एम.सी. पाणी धरून उभे आहे. मे १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी जर्मनीतील धरणे फोडली तेव्हा हजाराहून अधिक माणसे बुडाली. त्यांत पुष्कळशी सक्तीने कामाला आणलेली परदेशी माणसे होती, म्हणजे ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चालले होते तीच. म्हणून १९७७ च्या पुरवणी करारात धरणे, बंधारे आणि अणुवीजकेंद्रे यांवर हल्ला करण्यास, काही अपवाद ठेवून, बंदी घातली गेली. जगातील बहुसंख्य राष्ट्रांनी तो करार स्वीकारला आहे. भारताने आणि पाकिस्तानने तो अद्याप मान्य केलेला नाही. आपल्या सरकारची त्याला काही कारणे आहेत. त्या करारात परकी सत्तेविरुद्धच्या लढ्यांसंबंधी कलमे आहेत, त्याच्या जोडकरारात देशातल्या बंडाळीविषयी आहेत, आणि त्यांचा आधार घेऊन बाहेरचे आपल्या घरात लक्ष घालतील अशी शंका येते. कारणे तपासावीत, वाद व्हावा. पण धरणाखाली राहणाऱ्या गावांनी निदान तो वाद काय आहे हे माहीत करून घ्यावे की नाही?

आणि वैर असूनही करार होतो, पाळलाही जातो, याचे उदाहरण आपल्यापाशी आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश अशा केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झाले त्या वर्षानंतरही याद्या गेल्या. बोलणी तुटली, वाटा बंद झाल्या, तरी तो कागद जातो. मुंगीच्या तहापेक्षा आपण एवढे तरी पुढे आलो आहोत.

शेवटी पैठणकरांनी यात करायचे काय? आमच्या मते तीन गोष्टी करता येतात.

पहिली अगदी लहान. पांढऱ्यावर तांबडा क्रूस ही खूण दवाखान्याची आहे, असा सर्वत्र समज आहे. डॉक्टरांच्या मोटारीवर, औषधाच्या दुकानावर ती सर्रास दिसते. ती वैद्यकाची खूण नाही. रणात ही खूण पाहून बंदुकी थांबाव्यात म्हणून ती राखून ठेवलेली आहे. १९६० च्या कायद्याप्रमाणे ती परवानगीशिवाय लावणे गुन्हा आहे, आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. शांततेत ती खूण कोठेही रंगवली, तर युद्धात तिच्यावर विश्वास कोण ठेवील? आपल्या ओळखीच्या फलकावर ती असेल तर काढायला सांगा.

दुसरी गोष्ट आपल्या खिशातल्या फोनची. पकडलेल्या माणसाची गर्दीपुढे विटंबना करू नये, हे कलम लिहिले तेव्हा गर्दी चौकात जमत असे. आता ती प्रत्येकाच्या हातात जमते. २०१९ मध्ये आपल्या वैमानिकाची रक्ताळलेल्या चेहऱ्याची चित्रे पसरली तेव्हा आपल्याला चीड आली. उद्या दुसऱ्या कोणाचे असे चित्र आपल्याकडे आले, तर ते पुढे न पाठवणे एवढे आपल्या हाती नक्की आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. युद्ध सुरू झाल्यावर सगळे एका आवाजात बोलतात, आणि तेव्हा ‘आपल्या हाती आलेल्यांचे काय चालले आहे’ असे विचारणारा देशद्रोही वाटू लागतो. तो प्रश्न शांततेतच विचारायची सवय लावून घेतली पाहिजे. खासदाराला विचारावा, वर्तमानपत्रात विचारावा, शाळेत शिकवावा. हे करार लोकांत शक्य तितके पसरवावेत, ही जबाबदारी खुद्द करारांनीच राष्ट्रांवर टाकलेली आहे. न्यायालय ज्या ऋणाची वसुली करू शकत नाही, त्याची आठवण ठेवणारे निदान नागरिक तरी असावेत. कैद्याला मत नाही, पण आपल्याला आहे. त्याच्या वतीने बोलणारे राष्ट्रात कोणी असेल तर ते आपणच आहोत.